केंद्राचा कायदा राज्य नाकारू शकतं का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: शेती राज्याच्या अखत्यारीत असताना २०२० साली केंद्राने शेतमालाच्या बाजारासंबंधी कायदे कसे केले? पुन्हा तसं झालं तर विधानसभा ठराव करून 'हा कायदा आमच्याकडे चालणार नाही' असं म्हणू शकते का? अमेरिकेतली राज्यं म्हणे केंद्राला सरळ नकार देतात, मग आपल्या राज्यांना काही हक्क आहेत की नाहीत? आणि विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांकडे अडकलं तर पुढे काय?

ठरावाचं उत्तर लहान आहे: नाही म्हणू शकत नाही. ठराव हे सभागृहाचं मत असतं. संसदेचा कायदा जोवर रद्द झालेला नाही किंवा न्यायालयाने थांबवलेला नाही, तोवर तो राज्यावर बंधनकारक आहे. पण यावरून 'म्हणजे राज्यांना हक्कच नाहीत' असा निष्कर्ष लोक काढतात, तो मला मुळीच मान्य नाही, म्हणूनच इतकं सविस्तर लिहिते आहे. उच्च न्यायालयात मी राज्याचा कायदा वाचवायलाही उभी राहिले आहे आणि पाडायलाही. विधेयकांचे मसुदे तपासण्याचं कामही केलं आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. आपल्या घटनेत राज्यांचे हक्क कुठल्या एका भारदस्त कलमात सापडत नाहीत. ते सातव्या अनुसूचीतल्या, म्हणजे केंद्राचे (संघ सूची), राज्यांचे (राज्य सूची) आणि दोघांचे सामायिक (समवर्ती सूची) विषय वाटून देणाऱ्या तीन याद्यांतल्या, नोंदींच्या शब्दांत आहेत आणि केंद्राला घातलेल्या कार्यपद्धतीच्या अटींत आहेत. आणि राज्यं ते गमावतात तेव्हा दरवेळी खटला हरून गमावत नाहीत. पुष्कळदा स्वतःच संमती देऊन किंवा मसुदा नीट न वाचता गमावतात.

आधी अमेरिकेचं बघू. तिथे राज्यं आधी होती, संघराज्य नंतर झालं. १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीत लिहिलंय की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मना केलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात बंदूक घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासण्याचं काम केंद्राने स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर टाकलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तुम्ही ज्याला नकार म्हणता तो हा. राज्य केंद्राचा कायदा मोडीत काढत नाही, फक्त तो राबवायला आपली माणसं देत नाही. केंद्राने आपली यंत्रणा आणावी आणि राबवावा.

आपल्या घटनेने याच्या उलट वाट धरली. अनुच्छेद २५६ सांगतो की राज्याने आपला कारभार संसदेच्या कायद्यांचं पालन होईल अशा रीतीने चालवायचा आणि त्यासाठी केंद्र निर्देश देऊ शकतं. ते निर्देश पाळले नाहीत, तर राज्याचा कारभार घटनेनुसार चालत नाही असं राष्ट्रपतींनी मानलं तरी ते कायदेशीर ठरेल, असं अनुच्छेद ३६५ म्हणतो. तिन्ही सूचींत न बसणाऱ्या विषयांचे शेषाधिकार अनुच्छेद २४८ ने संसदेला दिले. राज्याच्या सीमाही त्याच्या हातात नाहीत. अनुच्छेद ३ प्रमाणे राज्य तोडायचं, जोडायचं, नाव बदलायचं ते संसद ठरवते. संबंधित विधानमंडळाचं मत मागवणं आवश्यक, मानणं नाही.

मराठी माणसाला हे अनुभवाने ठाऊक असायला हवं. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात मुळात मुंबई केंद्रशासित, महाराष्ट्र वेगळा आणि गुजरात वेगळा अशी त्रिभागणी होती. मुंबई विधानमंडळाचं मत मागवलं गेलं ते त्या प्रस्तावावर. संसदेत तो बदलला आणि द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. बदललेल्या प्रस्तावावर पुन्हा मत का मागवलं नाही, हा बाबूलाल पराते यांच्या खटल्यातला प्रश्न होता. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पुन्हा विचारण्याची गरज नव्हती. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो लोकांच्या लढ्याच्या दबावामुळे; घटनेतल्या एखाद्या राज्याधिकारामुळे नव्हे.

तर मग राज्यं केवळ दिल्लीची शाखा कार्यालयं आहेत का? १९६२ मध्ये पश्चिम बंगालने कोळसा असलेल्या आपल्या जमिनी केंद्र संपादित करू शकत नाही असा दावा केला, तो बहुमताने फेटाळला गेला. राज्यं सार्वभौम नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळा निकाल लिहिला. १९९४ च्या बोम्मई निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठासमोर राष्ट्रपती राजवटीचा प्रश्न आला, तेव्हा सूर बदललेला दिसतो. संघराज्यपद्धती हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरला. केंद्राला जास्त अधिकार आहेत हे खरं, पण राज्यांना नेमून दिलेल्या क्षेत्रात ती सर्वोच्च आहेत, हेही त्यात स्पष्ट झालं. सरकारकडे बहुमत आहे की नाही याचा फैसला राजभवनात नाही, सभागृहात व्हायचा. राज्यांच्या हक्कांसाठी या निकालाइतका आधार दुसऱ्या कुठल्याही निकालाने दिला नाही असं मी मानते. कारण मूलभूत चौकटीला हात लावायची मुभा घटनादुरुस्तीलाही नाही.

आता 'नेमून दिलेलं क्षेत्र' म्हणजे काय, ते तुमच्या शेतीच्या उदाहरणावरच पाहू.

'शेती राज्याचा विषय आहे' हे वाक्य सगळे म्हणतात, पण न्यायालयात ते पुरत नाही. तिथे नोंदीचा क्रमांक सांगावा लागतो. राज्य सूचीत नोंद १४ शेतीची, नोंद २८ बाजार आणि जत्रांची. नोंद २६ राज्यांतर्गत व्यापाराची आणि नोंद २७ मालाच्या उत्पादन, पुरवठा व वितरणाची. पण २६ आणि २७ या दोन्ही नोंदींना एक शेपूट आहे: समवर्ती सूचीतल्या नोंद ३३ च्या अधीन राहून. आणि ही नोंद ३३ १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने रुंद केली गेली. तिच्यात अन्नधान्य, तेलबिया, पशुखाद्य, कच्चा कापूस असा माल आला. केंद्राने २०२० मध्ये बोट ठेवलं ते या नोंदीवर. केंद्राचं म्हणणं असं, की आम्ही शेतीवर कायदा करत नाही, बाजार समितीवरही नाही; समितीच्या आवाराबाहेर होणाऱ्या अन्नमालाच्या व्यापारावर करतो आहोत.

हा युक्तिवाद फुसका नव्हता. पण त्यात एक फट होती. नोंद २८ ला, म्हणजे बाजार आणि जत्रांना, ते 'अधीन राहून' लावलेलं नाही. २००२ च्या आयटीसी निकालात तंबाखूच्या विक्रीवर राज्याचा बाजार समिती कायदा चालेल की केंद्राचा तंबाखू मंडळ कायदा, असा वाद होता आणि पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. २०२० च्या कायद्यात आवाराबाहेरच्या व्यवहारावर राज्याने बाजार फी घेऊच नये असं एक कलम होतं. माझ्या मते सर्वांत कच्चा दुवा तोच होता, कारण बाजार आणि त्यावरची फी या दोन्ही गोष्टी राज्य सूचीत येतात. व्यापार मोकळा करणाऱ्या तरतुदी कदाचित टिकल्या असत्या, फी बंद करणारी टिकली असती असं मला वाटत नाही. दुसऱ्या वकिलाला हे पटणार नाही आणि त्यालाही मुद्दे आहेत. निकाल मात्र झालाच नाही: सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अंमलबजावणी थांबवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेने कायदे मागे घेतले. म्हणजे तुमचा मूळ प्रश्न आजही अनुत्तरित आहे, हे लक्षात ठेवा. 'कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले' असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

अशा खटल्यात न्यायालय पहिल्यांदा विचारतं की कायद्याचा गाभा कशाबद्दल आहे. शीर्षक काय आहे किंवा कुठला शब्द कुठल्या नोंदीला चाटून जातो, याला तितकं महत्त्व नाही. आपल्या मुंबईचंच जुनं उदाहरण घ्या. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला बलसारा नावाच्या नागरिकाने आव्हान दिलं. सीमाशुल्क हद्दीतून होणारी आयात हा केंद्राचा विषय. दारू बाळगायला आणि विकायला बंदी केली तर आयातीवरच घाला येतो, असा मुद्दा होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. कायद्याचा गाभा मादक पेयांचा, तो प्रांताचा विषय. आयातीवर होणारा परिणाम ओघाने येणारा. औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांबाबतचा काही भाग रद्द झाला, पण तो मूलभूत हक्कांच्या कारणाने.

दुसरं उदाहरण मकोकाचं. १९९९ च्या या राज्य कायद्यात फोन आणि इतर संभाषणं चोरून ऐकण्याच्या परवानगीच्या तरतुदी आहेत. तार, टेलिफोन, बिनतारी संदेश हे संघ सूचीत, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरतुदी राज्याच्या अधिकाराबाहेरच्या ठरवल्या. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भाग उलटवला: कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारीला आळा घालण्याचा आहे. शेजाऱ्याचा बांध थोडा कोरला गेला म्हणून अख्खं शेत त्याच्या नावावर होत नाही, असा हा विचार.

इथे मी पक्षकारांना नेहमी सावध करते. ही कसोटी दोन्हीकडून चालते. जिने मकोका वाचवला तीच केंद्राचा कायदाही वाचवू शकते. म्हणून 'राज्याच्या विषयात ढवळाढवळ झाली' एवढंच दाखवून भागत नाही. ढवळाढवळ हाच कायद्याचा मुख्य हेतू आहे, वरचं नाव नुसता वेष आहे, हे दाखवावं लागतं. ते दाखवायला कायद्याची उद्देशिका, उद्देश व कारणांचं निवेदन आणि प्रत्यक्ष दंडाची कलमं शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. ज्या गोष्टीला शिक्षा आहे, कायदा बहुधा त्या गोष्टीबद्दल असतो.

दोन्ही कायदे आपापल्या जागी वैध असून समवर्ती सूचीत एकमेकांवर आदळतात, तेव्हा अनुच्छेद २५४ येतो. विसंगती असेल तेवढ्यापुरता केंद्राचा कायदा वरचढ. पण राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला आणि त्यांची अनुमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. त्यानंतरही संसद नवा कायदा करून तो बाजूला सारू शकते. माझ्या अनुभवात सर्वांत महागडी चूक इथे होते. अनुमती मागताना 'केंद्रीय कायद्यांशी विसंगती असू शकते' असं मोघम लिहून प्रस्ताव जातो आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. २००२ च्या कैसर-ए-हिंद निकालाने हे स्वप्न मोडलं. तो वाद मुंबईतलाच होता: मुंबई भाडे कायदा विरुद्ध सार्वजनिक जागांतून बेदखल करण्याचा १९७१ चा केंद्रीय कायदा. भाडे कायद्याच्या मुदतवाढीला राष्ट्रपतींची अनुमती होती, पण ती मागताना या केंद्रीय कायद्याचा उल्लेखच नव्हता. न्यायालय म्हणालं, ज्या कायद्याशी असलेल्या विसंगतीकडे राष्ट्रपतींचं लक्षच वेधलं नाही, त्यापुरती अनुमती दिली असं कसं मानायचं? तिथे केंद्रीय कायदा वरचढ ठरला. तेव्हापासून कुठल्याही मसुद्यासोबत माझा आग्रह असतो की ज्या ज्या केंद्रीय कायद्याशी टक्कर होऊ शकते त्यांची नावं, कलमं आणि टक्कर कशी होते, हे प्रस्तावात लिहा. दोन पानं जास्त लागतील, पण भाडेकरूंचं संरक्षण असल्या त्रुटीमुळे जायला नको.

आणि ही अनुमती कधी मिळेल? अनुच्छेद २०१ राष्ट्रपतींना मुदत घालत नाही. महाराष्ट्राचं प्राणी रक्षण सुधारणा विधेयक विधानमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलं, अनुमती मिळाली मार्च २०१५ मध्ये. तुम्ही त्या कायद्याच्या बाजूचे असा की विरोधातले, प्रक्रियेचं हे चित्र चिंता करण्यासारखंच आहे. ज्या विधानसभेने ते मंजूर केलं ती केव्हाच विसर्जित झाली होती, तरी विधेयक व्यपगत (आपोआप रद्द) होत नाही. मधल्या काळात निवडून आलेल्यांना न विचारता ते कायदा होऊ शकतं.

इथवर मुद्दे असे: ठराव उपयोगाचा नाही, नोंद महत्त्वाची; नोंदीत गाभा बघायचा; टक्कर असेल तर अनुमती कशाकशासाठी होती हे तपासायचं. आता केंद्राला राज्य सूचीत शिरायचे जे दरवाजे घटनेनेच ठेवले आहेत ते बघू, कारण पुढच्या वेळी प्रश्न तिथून येऊ शकतो.

राज्यसभेने हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव केला, तर संसद राज्य सूचीतल्या विषयावर कायदा करू शकते. ठराव एका वेळी एक वर्ष टिकतो. आणीबाणीत संसद सगळ्याच विषयांवर कायदा करू शकते. आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेचा निर्णय अमलात आणण्यासाठी अनुच्छेद २५३ आहे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्या आधारे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला तो याच वाटेने. तिकडे सही कुणाची? केंद्राची. विषय राज्याचा असला तरी करारावर सही करण्यापूर्वी राज्यांना विचारण्याची अट घटनेत नाही. ही उणीव मला फार खुपते.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा दरवाजा अनुच्छेद २५२. दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून संसदेला विनंती केली की संसद राज्याच्या विषयावर कायदा करते आणि इतर राज्यं मागून तो स्वीकारू शकतात. यात एक मेख आहे: एकदा स्वीकारला की राज्याला त्यातला एक शब्दही स्वतः बदलता येत नाही, रद्दही करता येत नाही, ते संसदच करू शकते. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा असाच झाला. जमीन हा राज्य सूचीतला विषय, पण महाराष्ट्रासह काही राज्यांनी ठराव करून तो संसदेकडे सोपवला. पुढे या कायद्याखालच्या सवलती, अतिरिक्त जमिनी आणि त्यावरचे खटले यांचं जे जंजाळ महाराष्ट्रात झालं, त्यातून सुटायला राज्याला स्वतः काही करता येईना. १९९९ मध्ये संसदेने तो रद्द करणारा कायदा केला आणि तोही महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये स्वीकारल्यावर इथे लागू झाला. असा ठराव विधानसभेत येतो तेव्हा तो बिनविरोध, चर्चा न होता मंजूर होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही ज्या ठरावाबद्दल विचारलंत त्याने अधिकार मिळत नाही, पण या ठरावाने अधिकार जातो.

घटनादुरुस्तीनेही जातो. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण, वनं, वन्यजीव हे विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेले. सूची बदलायची तर किमान निम्म्या विधानमंडळांची मान्यता लागते, हे राज्यांचं मोठं कवच आहे. पण ते सूचीच्या बाहेरून होणाऱ्या बदलाला नेहमी लागू होत नाही. मराठा आरक्षणाच्या निकालात हे दिसलं. २०१८ च्या एकशे दोनाव्या दुरुस्तीने मागास वर्ग ठरवण्याबाबतचा अनुच्छेद ३४२क आला. राज्यांचे अधिकार तसेच राहतील, अशीच केंद्राची भूमिका होती. केंद्राचे सर्वोच्च वकील असलेल्या महान्यायवादींनी न्यायालयातही तेच सांगितलं. ५ मे २०२१ च्या निकालात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरलं की शब्द वाचल्यावर सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राष्ट्रपतींकडे गेला आहे. या दुरुस्तीला राज्यांच्या मान्यतेची गरज नव्हती, असंही न्यायालय म्हणालं. ऑगस्ट २०२१ मध्ये एकशे पाचाव्या दुरुस्तीने तो अधिकार राज्यांना परत दिला. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन न्यायालयाला बांधत नाही, छापलेला मजकूर बांधतो.

आता कारभाराची बाजू. कायदा केंद्राचा असला तरी पोलीस राज्याचे, आणि इथे राज्याला खरोखर नकार देता येतो. १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सीबीआयला राज्यात तपास करायला त्या राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सरसकट संमती काढून घेतली, दोन वर्षांनी नव्या सरकारने ती पुन्हा दिली. पण याला मर्यादा आहेत. आधी सुरू झालेला तपास संमती काढल्याने थांबत नाही. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तर संमतीची गरज नाही, हे २०१० च्या घटनापीठाच्या निकालाने ठरलं आहे. आणि एनआयए किंवा ईडी यांना असल्या संमतीची अट लागूच होत नाही, कारण त्यांचे कायदे वेगळे. कुठल्या यंत्रणेबद्दल बोलतोय यावर उत्तर बदलतं.

पैशाबद्दल थोडक्यात. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला नको असलेला निर्णय होऊच शकत नाही. २०२२ च्या मोहित मिनरल्स निकालाने परिषदेच्या शिफारशी विधानमंडळांवर बंधनकारक नाहीत असं म्हटलं, पण शिफारस मोडून वेगळा दर लावायला राज्य सरकार धजेल असं मला वाटत नाही. याउलट जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की खाणींचं स्वामित्वधन (रॉयल्टी) हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावायला राज्यं मोकळी आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये औद्योगिक मद्यार्कावरही राज्यांचा अधिकार मान्य झाला. राज्यांना इतकं देणारे निकाल एका वर्षात येणं विरळा. तरी उपकर आणि अधिभार यांतला पैसा राज्यांच्या वाट्यात येत नाही, आणि तिथे न्यायालय काही करू शकत नाही, कारण अनुच्छेद २७० आणि २७१ मध्येच तसं लिहिलंय.

राज्यपालांचा प्रश्न. अनुच्छेद २०० प्रमाणे ते विधेयकाला अनुमती देऊ शकतात, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात किंवा अनुमती रोखून (धन विधेयक नसेल तर) सभागृहाकडे परत पाठवू शकतात. सभागृहाने ते पुन्हा मंजूर केलं तर अनुमती रोखता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाबच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की विधेयक नुसतं दाबून ठेवता येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या आणि अडकलेली विधेयकं मंजूर झाल्याचं मानलं. नंतर राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागवलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींनी मत दिलं की न्यायालय मुदती ठरवू शकत नाही, आपोआप अनुमती मिळाली असंही मानता येत नाही. मात्र राज्यपालांनी कारण न देता प्रदीर्घ काळ काहीच केलं नाही, तर निर्णय घ्या एवढा आदेश देता येतो. म्हणून आज विधेयक अडलं तर राज्याच्या वकिलाने 'ते मंजूर झालंय असं जाहीर करा' अशी मागणी करू नये. किती काळ गेला, किती पत्रं गेली, काय उत्तर आलं, याची तारीखवार जंत्री जोडून निर्णयाचा आदेश मागावा.

शेवटी, लढायचं कुठे? राज्य सरकार अनुच्छेद १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात केंद्राविरुद्ध दावा लावू शकतं. पश्चिम बंगालचा सीबीआयबद्दलचा दावा ऐकण्यायोग्य आहे असं जुलै २०२४ मध्ये ठरलं, त्यामुळे ही वाट रुंदावली आहे. वेळ मात्र लागतो. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये लावलेला दावा अजून चालू आहे. पण तुम्हाला राज्य सरकारची वाट बघायची गरज नाही. वर सांगितलेल्या खटल्यांकडे पुन्हा बघा: बलसारा एक नागरिक होता, आयटीसी आणि मोहित मिनरल्स कंपन्या, मकोकाचा वाद आरोपींनी आणला. केंद्र आणि राज्य यांच्यातली रेषा बरीचशी अशाच लोकांनी आखून घेतली आहे. केंद्राने अधिकाराबाहेर जाऊन कायदा केला आणि त्याचा फटका एखाद्या अडत्याला, शेतकऱ्याला किंवा बाजार समितीला बसला, तर अनुच्छेद २२६ खाली आपल्या उच्च न्यायालयात याचिका करता येते. त्या याचिकेत पहिल्याच परिच्छेदात केंद्र कुठल्या नोंदीवर विसंबतं आणि तुमच्या मते खरी नोंद कुठली, हे क्रमांकासह लिहा. राज्याला आणि महाधिवक्त्यांना प्रतिवादी करून नोटीस द्या, म्हणजे राज्याला आपली भूमिका शपथपत्रावर मांडावीच लागते.